नसलेला तास

फिदेन्सिओ माझा कोंपाद्रे. त्याच्या लेकीच्या बाप्तिस्म्याला तिला हातांवर घेतलं ते मी, तेव्हापासूनचं हे नातं. तो घायपाताचे दोर वळायचा आणि आमच्या चर्चची घंटा वाजवायचा. माणूस कष्टाळू, पण बायकोच्या बाबतीत भारी जळका. ओब्दुलियाला पाववाल्याने एक पाव जास्त घातला तरी याच्या पोटात दुखायचं.

उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करायचा हुकूम सरकारने काढला, तेव्हा ग्रामसभेत सगळ्यात मोठा आवाज त्याचाच.

"असा तास देवाने केलेलाच नाही! तो नाहीच. सरकारने कागदावर काढलाय. मका काय घड्याळ बघून वाढतो? मी त्या वेळेची घंटा वाजवणार नाही."

सभेने माना डोलावल्या. खाली बाजारगावात सरकारी वेळ, वर डोंगरात आमची देवाची. आमच्याकडे चार वाजले की खाली पाच.

ओब्दुलिया खालच्या शिवणकामाच्या कारखान्यात जायची. "पाचला सुटते," म्हणायची, आणि घंटेचे पाच टोले पडले की थोड्या वेळाने चढण चढून घरी हजर व्हायची. फिदेन्सिओ खूश होता.

जूनमध्ये तो दोर विकायला खाली गेला. मनगटावर चार वाजून गेले होते. बायकोला बरोबर घेऊनच वर जाऊ, म्हणून कारखान्याशी गेला, तर फाटकाला कुलूप.

"सुटला की कारखाना," पहारेकरी म्हणाला. "पाच वाजून गेले."

"चार वाजलेत."

"तुमच्या डोंगरावर वाजले असतील, काका."

तो एकटाच वर आला आणि दारात बसून राहिला. ओब्दुलिया रोजच्या वेळेला आली. गाल लाल झालेले, केस कपाळाला चिकटलेले.

"कधी सुटलीस?"

"पाचला."

यात खोटं काहीच नव्हतं. तेच त्याला जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या अंगणात येऊन तो सेवेरोचं नाव घेऊ लागला. सेवेरो म्हणजे कारखान्यातला कापड बेतणारा.

"त्याला मिशी आहे. मोटारसायकल आहे. बायकांशी हसून बोलतो."

"कोंपाद्रे, हसून तर मीही बोलतो."

"तुझं हसणं कोण बघतंय! एक तास, कळतंय का तुला? रोज एक अख्खा तास ती कुठे असते?"

आठवडाभर त्याने तिची शाल हुंगली, चपलांची माती तपासली. एकदा तर ती झोपेत कुणाचं नाव घेते का, हे ऐकायला जागा राहिला. तिने फक्त घोरून दाखवलं. शेवटी मला ओढत खाली घेऊन गेला.

कारखाना सुटला. आम्ही बाजाराच्या भिंतीआडून निघालो. बायका घोळक्याने बाजारामागच्या फरसबंद मैदानावर गेल्या. तिथे दोन लोखंडी खांब, वर कड्या. ओब्दुलियाने परकर गुडघ्याशी खोचला, वेणी गुंडाळली आणि चेंडू आपटत अशी पळत सुटली की मी बघतच राहिलो. बास्केटबॉल! "इकडे दे! झोपलीस का गं, बये?" ती ओरडत होती. चेंडू कडीतून पडला आणि ती पोट धरून हसली.

माझ्या मनावरचं ओझं उतरलं. फिदेन्सिओचं मात्र वाढलं. शिट्टी सेवेरोच्या तोंडात होती, हे एक. आणि दुसरं तो पुटपुटला ते मी ऐकलं, "माझ्याबरोबर अशी कधी हसली नाही."

तो तरातरा मैदानात शिरला आणि चेंडू काखेत मारून उभा राहिला.

"हे काय चाललंय?"

ओब्दुलिया धापा टाकत होती. घाबरली नाही. "खेळ."

"माझ्या तासात?"

"तुझ्या? तूच सभेत म्हणालास ना, असा तास नाहीच म्हणून? मग नसलेल्या तासात मी काय केलं, त्याचं तुला काय? चेंडू दे."

बायका फिदीफिदी हसल्या. त्याने चेंडू दिला. घरी मात्र आठ दिवस अबोला.

पुढच्या ग्रामसभेत तो उठला आणि म्हणाला, "आपण सरकारी वेळ घेऊ या." लोक आ वासून बघत राहिले. त्याचा डाव मला कळत होता. वर-खाली एकच घड्याळ झालं की बायकोला सुटल्या सुटल्या घरी यावं लागणार.

"पोरं सकाळी अंधारात ठेचकाळत शाळेत जातील," मी म्हणालो.

"आणि सरकार म्हणालं तसं विजेचं बिल कुठे कमी झालंय?" मागून कुणीतरी म्हणालं.

पण बायकांनी भराभर हात वर केले. ठराव झाला. माझ्या नातवाने खरंच पहिल्या आठवड्यात अंधारात गुडघा फोडून घेतला. त्या रागाने मी महिनाभर फिदेन्सिओशी बोललो नाही.

ओब्दुलिया आता वेळेवर घरी येऊ लागली. घेवडा चुलीवर ठेवायची, बाहेर बघायची. उजेड अजून भरपूर. मग चर्चसमोरच्या मैदानात जायची. चार दिवसांत शेजारणी आल्या, पंधरवड्यात दोन संघ झाले. घंटेच्या मनोऱ्यावरून फिदेन्सिओला सगळं दिसायचं, आणि ते लपूनछपून चालल्यापेक्षा वाईट होतं.

गावच्या सणाला स्पर्धा ठरली. शिट्टीला सेवेरोला बोलवायचं, असं बायका म्हणाल्या. त्याच दिवशी फिदेन्सिओने खालून शिट्टी आणली आणि शाळेच्या मास्तरांकडून सगळे नियम पाठ करून घेतले. पुढे कितीतरी वर्षं आमच्याकडे पंच तोच. सगळ्यात जास्त चुका तो स्वतःच्या बायकोच्या काढायचा. "आंधळा!" ती ओरडायची. "बाहेर बस!" तो ओरडायचा. संध्याकाळी दोघं शेजारी बसून जेवायची.

पुढे सरकारने तो तासच रद्द केला. सकाळी पोरं उजेडात शाळेत जाऊ लागली, मला बरं वाटलं. ओब्दुलियाचे गुडघे तोवर गेले होते. सुना खेळतात, ती कडेला बसून शिव्या घालते.

गेल्या हिवाळ्यात सेवेरो वारला. आम्ही तिघं मातीला गेलो. लोक शवपेटीकडे बघत होते, फिदेन्सिओ बायकोच्या डोळ्यांकडे. ते पाणावले. तिने शालीच्या टोकाने पुसले, लपवलं काही नाही. परतताना सबंध चढण तो आमच्यापुढे दहा पावलं चालत होता, एकदाही वळून न बघता.

"अजून?" मी त्याच्याकडे मान करून ओब्दुलियाला हळूच विचारलं.

"अजून," ती म्हणाली, आणि दम खायला दगडावर बसली.