सुभेदार तात्यांची रत्नागिरी

सुभेदार तात्या कुठेही वेळेवर पोचले नाहीत. ते कायम पंधरा मिनिटं आधी पोचायचे. लग्नाला गेले तर मांडववाले अजून सतरंज्या झटकत असायचे, पूजेला गेले तर यजमान अंघोळीला. ‘फौजेत लेट म्हंजे मेलेला मानूस,’ असं त्यांचं म्हणणं. कडेगावात त्यांचं घर आमच्या घराला लागून. मी शाळेला निघालो की कट्ट्यावरून आवाज यायचा, ‘मास्तर, दोन मिनिटं लेट!’ त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली, तरी निघताना माझी मान त्या कट्ट्याकडे वळते.

कुठलंही काम असो, तात्या आधी कागद करायचे. बाजाराला जायचं तरी कागद: आधी भाजी, मग गिरणी, मग पोस्ट. एकदा गिरणीत गर्दी नव्हती म्हणून काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, दळण आधी टाकलं. तात्यांनी ते परत उचलायला लावलं. ‘आवं, भाजी काय पळून चाललीय का?’ काकी म्हणाल्या. ‘कागदावर हाय तसंच व्हनार,’ तात्या म्हणाले. काकी पदर तोंडाला लावून हसल्या आणि दळणाचा डबा घेऊन भाजीकडे चालू लागल्या. असा संसार त्यांनी चाळीस वर्षं केला.

त्यातली बरीच वर्षं तात्या नोकरीवर आणि काकी गावाकडे, म्हशी आणि सासू-सासऱ्यांपाशी. एकदा दक्षिणेतल्या एका बंदराच्या गावी तात्यांना फॅमिली क्वार्टर मिळालं. काकींनी ट्रंक भरली आणि त्याच आठवड्यात सासूबाईंच्या मांडीचं हाड मोडलं. ट्रंक रिकामी झाली. तात्या पत्रात लिहायचे की इथं संध्याकाळी नवरा-बायको वाळूत येऊन बसतात, काही करत नाहीत, नुसते बसतात. ते नुसतं बसणं काकींच्या मनातून कधी गेलं नाही. माझ्या बायकोला त्या एकदा म्हणाल्या होत्या, ‘मला बघायचं काय न्हाई गं. ह्येंच्यासंगं समुद्रावर एक सांज निवांत बसायचंय.’

शेवटी साठी उलटल्यावर एका जानेवारीत योग आला. गाडी माझी, चालवणारा मी, कागद तात्यांचा. रत्नागिरी, दिवस तीन. पहिले दोन दिवस ठिकाणांनी भरलेले आणि तिसऱ्या दिवसापुढे एकच ओळ: ‘समुद्र. दिवसभर.’ काकींनी ती मला दोनदा वाचायला लावली.

आंबा घाट उतरून संध्याकाळी लॉजवर पोचलो आणि तात्यांचा फोन वाजला. ऊसतोडीची पाळी लावणारा कारखान्याचा माणूस बोलत होता. परवा सकाळी सातला टोळी तुमच्या फडात येणार. आमच्या भागात हा निरोप आला की माणूस जेवत्या ताटावरून उठतो, कारण गेलेली पाळी परत कधी येईल याचा नेम नसतो आणि ऊस उभ्या जागी वाळत जातो. मुलगा नोकरीला बाहेरगावी, त्यामुळे फडात उभं राहायला तात्यांनाच जावं लागणार होतं. तात्यांनी नवा कागद घेतला आणि तीन दिवस एका दिवसात बसवले. मी म्हटलं, ‘तात्या, बाकीचं राहू दे. उद्या सरळ समुद्रावर जाऊ.’

‘मास्तर, एवढ्या लांब तिला आनायची आन् अर्धं दावून न्यायाचं? परत कवा येनार ती?’

काकींनी एवढंच विचारलं, ‘बसायला मिळंल न्हवं?’

‘साडेचार ते सव्वासा. लिवलंय.’

दुसरा दिवस म्हणजे नुसती पळापळ. किल्ल्यावर काकी तटाशी टेकल्या, खाली निळं पाणी पसरलेलं, आणि तात्यांनी हाक मारली, ‘चला, ईस मिनिटं झाली.’ दीपगृह झालं, जेट्टी झाली, दोन देवळं झाली. मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा बघून काकी म्हणाल्या, ‘आगं बया, ह्याला वैरण किती लागत आसंल!’ त्यावर तात्यासुद्धा हसले, पण हसता हसता घड्याळ बघून. मग थिबा राजवाडा. तो नेमका बंद होता, कुणी पाहुणे यायचे होते म्हणे, तासाभराने उघडतील. मी गाडी वळवायला लागलो, तर तात्यांनी हात आडवा केला. ‘कागदावर हाय.’ आम्ही फाटकाबाहेर थांबलो. काकी गाडीतच बसून होत्या, मांडीवर भाकरी-चटणीचं फडकं घेऊन. ती शिदोरी वाळूत बसून सोडायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

भाट्याच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. काकींनी चपला काढल्या, नऊवारी घोट्याच्या वर धरली आणि लाट पायावर घेतली. लहान पोरीसारख्या ओरडल्या. मग मागे वळून त्यांनी तात्यांकडे पाहिलं. ‘बसूया का जरा?’

तात्यांनी घड्याळ पाहिलं. खरं सांगायचं तर मीही पाहिलं. अंधारात घाट चढायचा होता.

‘पाच मिनिटं,’ तात्या म्हणाले.

काकी वाळूत टेकल्यादेखील नाहीत. ‘ऱ्हाऊ द्या. टोळी यायची हाय,’ म्हणाल्या आणि पायाची वाळू झटकून गाडीत बसल्या. भाकरी आम्ही चालत्या गाडीतच खाल्ली. किती ठिकाणं झाली ते तात्या बोटांवर मोजत होते. एकही सुटलं नाही म्हणून खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला तात्या नारळ घेऊन फडात हजर. सात वाजले, दहा वाजले. बारा वाजता फोन आला की टोळीचा ट्रॅक्टर मोडलाय, सहा-सात दिवस लागतील. मी तिथंच होतो. काकी बांधावर चहा घेऊन आल्या. त्यांनी ऐकलं, कपात चहा ओतला आणि म्हणाल्या, ‘मंग बसलो आसतो की वो.’

रागाने नव्हे, अगदी साध्या आवाजात. त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही. तात्या मात्र तो चहा हातात धरूनच राहिले. थोड्या दिवसांनी मला म्हणाले, ‘पुढच्या साली नेतो तिला. कागद करायचा न्हाई बगा.’

पुढचं साल काकींना मिळालं नाही. श्रावणात दोन दिवस ताप आला आणि त्या गेल्या.

दहाव्याला येरळा नदीच्या काठी पिंड ठेवला. कावळे झाडावर होते, पण एकही खाली उतरेना. मुलगा पुढे झाला, म्हणाला, ‘आई, तात्यांना मी संभाळीन.’ सून म्हणाली, म्हशी विकणार नाही. कुणी लेकीचं नाव घेतलं, कुणी नातीच्या लग्नाचं. कावळा हलेना. भटजींना पुढे आणखी एका गावी जायचं होतं. त्यांनी दर्भाचा कावळा करायला घेतला. पाव्हणे चपला शोधू लागले.

तात्या तोवर मागे उभे होते. ते पुढे आले आणि पिंडासमोर चिखलातच मांडी घालून बसले.

‘कुनी घाई करू नका,’ म्हणाले. ‘तिला बसू द्या.’

भटजींनी दर्भाने पिंडाला स्पर्श केला आणि विधी उरकला. माणसं पांगली. मुलगा हाताला धरून उठवायला गेला, पण तात्या उठले नाहीत. कावळा मग कधी शिवला का, हे मला ठाऊक नाही. शाळा सुटल्यावर मी पुन्हा नदीवर गेलो, तेव्हाही ते तिथेच, तसेच, पाण्याकडे बघत. त्यांचं घड्याळ मनगटावर होतं, पण त्याच्याकडे लक्ष नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना वेळ सांगितली.

‘तात्या, चला. साडेपाच वाजले.’

‘वाजू द्यात, मास्तर,’ तात्या म्हणाले.