एकाच पानावरची मावशी

फोपनार गावातल्या आमच्या घरात माझ्याआधी वाचता कोणालाच येत नव्हतं. केळीच्या बागेत मजुरी करणारी आई बायबल दुसऱ्यांच्या तोंडून ऐकायची. मी बी.ए. झाले, बायबल दोनदा संपवलं आणि इतवारा मोहल्ल्यातल्या प्रार्थनासभेत ते ऐटीत सांगितलं.

सभेत माझ्या शेजारी एक भाजीवाली मावशी बसायची. पदराला हात पुसून ती शत्रूला क्षमा करण्याचं तेच पान सहा महिने उघडत होती.

“मावशी, आता तरी पुढं चला,” पास्टर हसले.

“नाही जाणार, पास्टरजी. जाऊबाईशी अजून बोलले नाही मी. बोलेन तेव्हाच पान उलटीन.”

सगळे हसले. मला हसता येईना. मला कॉलेजात घातलं म्हणून आईला हिणवणाऱ्या काकांशी मी चार वर्षं बोलत नव्हते.

त्या संध्याकाळी त्यांच्या दारात गेले. काकांनी तोंड फिरवलं. मी मात्र बोलले.