नावाचा रकाना

एम. एस्सी.च्या पहिल्या दिवशी हजेरीत "कडूबाई" असं नाव निघालं आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला. दुसरी एखादी पोर मान खाली घालून बसली असती. ही मागे वळून म्हणाली, "हसून घ्या. निकालाच्या दिवशी मी हसणार आहे." अशी फटकळ!

राहुरीकडच्या एका वाडीतली ही पोर एकोणीसशे एकाहत्तर साली पुण्याच्या विद्यापीठात संख्याशास्त्र शिकत होती. वाडीत कुणी विचारलं, "ह्ये कसलं शास्तर?" की बाप छाती फुगवून सांगायचा, "मोजायचं." "काय मोजायचं?" "त्ये तिला ठावं!"

तिचा प्रबंध होता लहान मुलांच्या आजारांवर आणि मृत्यूंवर. घरोघर जाऊन फॉर्म भरायचे, प्रत्येक उत्तराचा आकडा करायचा, त्या आकड्यांची भोकं जाड कार्डावर पाडायची आणि कार्डांचा गठ्ठा कॉम्प्युटरला चारायचा. एका कार्डावर रकाने ऐंशीच. म्हणून सरांनी बजावलं होतं, "नावं फॉर्मवरच राहू द्या. यंत्राला नाव कळत नाही."

उन्हाळ्याच्या सुट्टीत कडूबाईने आपली वाडी आणि शेजारची चार गावं पालथी घातली. चारशे बारा घरं! प्रत्येक घरी गुळाचा चहा, नाही म्हणायची सोय नाही. फॉर्मांचा भारा घेऊन ती ऐटीत पुण्याला गेली. सरांनी बेरीज पाहिली आणि चष्मा काढून ठेवला.

"चारशे बारा घरांत दगावलेली मुलं सव्वीस? इतकी कमी तर विलायतेतही नसतील. खरं सांगा, हे फॉर्म घरोघर जाऊन भरलेत, की आंब्याखाली बसून?"

कॉम्प्युटरची वेळ महिन्यावर आली होती. तोवर फॉर्म पटले नाहीत तर सरांची सही नाही, आणि सही नाही तर वर्ष बुडालं. पण वर्षाचं दुःख नंतर. आपल्याला खोटारडी ठरवलं, म्हणून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने भारा उचलला, एसटी धरली आणि तरातरा घरी आली.

सकाळी ओट्यावर फॉर्म पसरून ती एकेक वाचायला लागली. मुलाचं नाव दगडू. मृत मुलं: शून्य. धोंडाबाई, शून्य. केरू, शून्य. उकिर्डा, शून्य. पुन्हा दगडू, पुन्हा शून्य. आणि एकदम तिने कपाळावर हात मारून घेतला. "अगं बया! मी केवढी बावळट!"

आता हे काय पुस्तकात शोधायचं होतं? जिची लेकरं जगत नाहीत, ती पुढच्याला असलं ओंगळ नाव ठेवते. दगडाला कोण दृष्ट लावतो? केर कोण उचलून नेतो? ज्याच्या आधी कुणी गेलं नाही असा दगडू ह्या मुलखात क्वचितच सापडायचा. रांगत्या वयापासून माहीत असलेली ही गोष्ट, आणि शहाणीने नावाचा रकाना वाचायचाच सोडून दिला होता! बायकांनी तरी काय करावं? सासू शेजारी बसलेली, समोर सरकारी दिसणारा कागद. गेलेल्यांची मोजदाद त्यावर कोण करील?

दुसऱ्या दिवशी ती फॉर्म न घेताच उकिर्ड्याच्या आईच्या, गोजरबाईच्या, खुरपणीत जाऊन बसली. "मावशे, उकिर्ड्याचं नाव असं का गं ठिवलं?"

गोजरबाई खळखळून हसली. "आगं, पाचव्या दिशी त्याला उकिरड्यावर ठिवला. शेजारनीनं उचलला आन् मलाच सूपभर बाजरीला इकला. आता तेवढी बाजरी त्यो एकटाच खातूय!"

हसता हसता ती थांबली. "त्याच्या आधी तिघं हुती, बाई. धाकली पोरगी तर बोलाया लागली हुती." कडूबाईने खुरपं खाली ठेवलं आणि तिचा हात धरला.

पुढचे तीन आठवडे ती अशीच हिंडली. कधी खुरपायला, कधी दळायला, कधी नुसती पाय पसरून गप्पा मारायला. सव्विसाचे दोनशे एकतीस झाले. कार्डावर तिने एक रकाना वाढवला: नाव साधं तर शून्य, ओंगळ तर एक. कॉम्प्युटरनेही कबूल केलं की नाव आणि मृत्यू हातात हात घालून चालतात.

सरांनी बेरीज पुन्हा एकदा करून पाहिली. मग म्हणाले, "शाब्बास! तुमच्यावर मी उगाच आळ घेतला."

दुसरी कुणी असती तर गप्प बसून पेढे वाटले असते. पण ही कडूबाई. "सगळाच उगाच नव्हता, सर. एक फॉर्म मी खरंच न विचारता भरला. माझ्या घरचा."

सरांनी तो फॉर्म बाजूला काढला आणि तिच्या हातात दिला. "मग विचारून या."

आई, भागिरथी, चुलीपुढे भाकरी थापत होती.

"आये, तुला लेकरं किती?"

"खुळी का काय? तू आन् धाकला कानिफनाथ."

"मग माझं नाव कडूबाई का?"

आईचा हात काठवटीतच थांबला. कडूबाईला वाटलं, रडते आता. पण आईने पदराने घाम पुसला आणि हसली. "गावभर इचारत हिंडलीस. म्हनलं, माझ्याकडं कवा येतीय. थोरली रंभी, दीड वर्साची. लई गुबगुबीत हुती, कडेवर घिऊन कंबर मोडायची. मंग पोरगा. त्याचं बारसं बी न्हाई झालं."

"लिहू?"

"लिही की. गेली दोन, आसं लिही. पर लेकरं चार लिही. मला झाली चारच."

कडूबाईने लेकरांच्या रकान्यातलं दोन खोडलं आणि चार लिहिलं.