लोहाराची मुलगी घरी पोचली का

कुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. एक गाल झाला होता. भाची वैशाली एवढेच म्हणाली, "मामा, आई गेली." मी दुसरा गाल पूर्ण केला, कपडे बदलले आणि बेसाला वैशालीच्या घराकडे निघालो. त्याला आज सात आठवडे झाले. धाकट्या बहिणीविषयी काही लिहावे, असे तिच्यासोबत काम केलेल्या परिचारिकांनी सुचवले. पारशिवनीच्या आसपासच्या खेड्यांत तिने आयुष्यभर बाळंतपणे केली. त्याविषयी त्या माझ्यापेक्षा अधिकाराने लिहितील. मला फक्त तिच्या अखेरच्या चार महिन्यांविषयी लिहायचे आहे. त्यांत माझ्या हातून एक चूक झाली.

जानेवारीत डॉक्टरांनी वैशालीला बाजूला घेऊन सांगितले, की आईला जे खावेसे वाटेल ते खाऊ द्या. या वाक्याचा अर्थ कुंदाला आमच्या आधी कळला, कारण तिने स्वतः ते अनेक घरांत उच्चारले होते. खायला तिने काहीच मागितले नाही. मी भेटायला गेलो तेव्हा तिने लहानपणच्या एका पुस्तकाची आठवण काढली. मी दहा वर्षांचा आणि ती चार वर्षांची असताना रोज संध्याकाळी मी तिला ते वाचून दाखवत असे. त्याचे नाव तिला आठवत नव्हते, मलाही नाही. पुठ्ठा निळा होता आणि त्यावर नाव नव्हते, एवढे दोघांच्याही स्मरणात होते. त्यात एक लोहाराची मुलगी घर सोडून निघते. कुंदा म्हणाली, "ती पोरगी घरी पोचली का गा, दादा? तेवढंच राह्यलं माह्या डोक्यात."

मी सांगितले, की पुस्तक शोधून आणतो.

कोर्टात साक्षी टिपून घेण्यात माझी सारी नोकरी सरली. शोध घ्यायचा तर आधी जबानी हवी, म्हणून कागद काढून तिच्याकडून सारे क्रमवार लिहून घेतले. मुलगी बापाची हरवलेली किल्ली शोधायला निघते. मधमाश्यांच्या शहरात पोचते. तिथे राणीच्या दाराशी तिला चपला काढाव्या लागतात. पुढे ती एका मोठ्या जहाजावर भाकरी भाजायचे काम धरते. वादळ येते... त्यापुढे काही नाही. शहराचे नाव काय, जहाज कोणत्या बंदरातून सुटले, मुलीचे वय किती, असे मी विचारत गेलो. कुंदा खोकला येईपर्यंत हसली. "तुह्यापुढं त्या पोरीनं वकील लावाले पाह्यजे," म्हणाली. तासभर हे चालले. मी कागदाची घडी केली तेव्हा ती म्हणाली, लगेच काहून उठतो, बस न जरा. वाचनालय सहाला बंद होत असे. मी निघालो.

त्यानंतर मी नागपूर पालथे घातले. आधी वाचनालये पाहिली, मग सीताबर्डीच्या फुटपाथवरचे पुस्तकविक्रेते, मग इतवारीचा बाजार. पुण्याच्या एका संग्राहकाला जबानीची नक्कल पाठवली. त्यांनी कळवले, की असे पुस्तक मराठीत निघालेलेच नाही. मी त्यांना उलट कळवले, की मी ते स्वतः वाचलेले आहे. एप्रिल लागला. उन्हात चालणे या वयात शहाणपणाचे नव्हते. तरी डोक्याला दुपट्टा बांधून लकडगंजच्या रद्दीच्या गोदामांत जात राहिलो. गठ्ठे स्वतः सोडायचो आणि स्वतःच बांधून ठेवायचो. एकदा भोवळ आली. गोदामातल्या लोकांनी पाणी पाजले आणि घरी जा म्हणून बजावले. मी पुढचा गठ्ठा सोडला. कुंदाच्या पोटातले पाणी एव्हाना दुसऱ्यांदा काढावे लागले होते. प्रत्येक दिवशी वाटे, उद्या सापडेल. आणि प्रत्येक दिवशी हेही कळत होते, की असे उद्या आता फार उरलेले नाहीत. बेसाला मी आठवड्यातून एकदा जाई, पंधरा मिनिटे उभ्याउभ्या. इतवारी झाली, लकडगंज बाकी आहे, असे सांगे. ती "बरं" म्हणे. एकदा वैशालीने फोनवर सांगितले, "मामा, आई रोज विचारून राह्यली, तुम्ही काहून येत नाही म्हणून." मी उत्तर दिले, की तिचेच काम करतो आहे.

लकडगंजच्या एका गोदामवाल्यानेच शेवटी कंटाळून मला हमीदभाई नावाच्या म्हाताऱ्या बाइंडरकडे पाठवले. त्यांचे हात कापत होते, पण काम सुरू होते. माझा कागद त्यांनी नातसुनेकडून वाचून घेतला आणि एकच प्रश्न विचारला, की आमच्या घरात कोणी छापखान्यात होते का. मी सांगितले, आमचे वडील एका छापखान्यात बाइंडिंगला होते. ते हसले.

"मंग हे बजारात कसं भेटंल, साहेब? लोहाराची पोरगी, मंग मधमाश्या, मंग जहाज. तीन किताबा आहेत ह्या. शाई फासलेले, वाकडे छापलेले फर्मे, म्हंजे सोळा-सोळा पानाचे ताव, छापखानेवाले फेकून देत होते. आम्ही सगळेच ते घरी नेत होतो, पोरायसाठी शिवत होतो. दर सोळा पानाले गोष्ट बदलून राह्यली असंल, पाहा आठवून."

मला आठवले. सोळाव्या पानाच्या तळाशी वाक्य अर्धे तुटत असे आणि पुढच्या पानावर मधाच्या पोळ्याची माहिती सुरू होई. कामकरी माश्या किती, राणी एक. त्यापुढे कोणाच्या तरी समुद्रप्रवासाचे वर्णन. त्या दोन्हींत लोहाराची मुलगी कुठेही नव्हती. तिला तिथे नेणारा, दाराशी चपला काढायला लावणारा, जहाजावर भाकऱ्या भाजायला बसवणारा मी होतो. समोर चार वर्षांची मुलगी ऐकत होती आणि मोठ्या भावाला "पुढे माहीत नाही" असे म्हणवत नव्हते, म्हणून. चार महिने मी ज्या साक्षीदाराला शहरभर शोधत होतो, तो मीच होतो.

तसाच रिक्षा करून बेसाला गेलो. कुंदाचा आवाज फार खाली गेला होता. मी खुर्ची ओढली आणि निष्कर्ष सांगितला: पुस्तक नव्हतेच, बाबांनी तीन पुस्तकांचे फर्मे शिवले होते, शेवट कधी छापलेलाच नाही.

"माहीत आहे मले," ती म्हणाली. "दुसरीत गेल्यावर सोताच वाचून पाह्यलं होतं. ती पोरगी तूच घालून राह्यला होता."

मग मला चार महिने कशाला पाठवलेस, असे मी विचारले. माझा आवाज चढला असावा, कारण वैशाली दारात येऊन उभी राहिली.

"मी कुठी पाठवलं? मी तुले विचारलं होतं. तूच उठून गेला." दम घ्यायला ती थांबली. "वाटलं, भेटणार तं नाहीच. फिरून फिरून थकशील, मंग येऊन बसशील. म्हणून गप राह्यली... सांग आता. पोचली का?"

मी आठवू लागलो. वादळापर्यंत सगळे दिसत होते. त्यापुढे मी काय सांगत असे, काही सांगत असे की दिवा मालवत असे, ते समोर येईना. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. त्या क्षणी एक शब्द पुरेसा होता आणि तो कोणत्याही कागदावरून ताडून पाहण्याची गरज नव्हती. मी म्हणालो, "आठवत नाही." शपथेवर विचारल्यासारखे खरे उत्तर दिले.

ती "बरं" म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. आमच्यातले बोलणे तेवढेच शेवटचे.

वैशालीने तिची खोली अजून तशीच ठेवली आहे. दुपारी मी तिथे जातो. खिडकीशी एक लहान टेबल आहे. त्यावर कुंदाचा चष्मा आहे, तो न हलवता वही ठेवण्यापुरती जागा उरते. मी लिहितो. वादळ पहिल्याच दिवशी उतरवले. मुलगी किनाऱ्याला लागली आणि चालू लागली. तिला घरी पोचवायचे, हे वही उघडण्याआधीच ठरले होते आणि त्याला एक ओळ लागते. परंतु मागच्या आठवड्यात वाटेतल्या गावी बाजार भरला होता, तो पाहायला ती थांबली. परवा पुलावरून पाणी वाहत होते. काल ओसरले. आज गाव दिसले, भट्टीचा धूर दिसला, कोणीतरी लोखंड ठोकत होते ते तिला रस्त्यावरूनच ऐकू आले... मी पेनाला टोपण लावले आणि उठलो. वैशालीने विचारले, "मामा, उद्या येणार न?"

येईन, म्हणालो. थोडे बाकी आहे.