लग्नपत्रिकेच्या चौकटीतून

शहात्तर साली अंधेरीच्या आमच्या कारखान्यात उन्हावर वीज देणारे सिलिकॉनचे सेल बनत. त्यांवरच्या चांदीच्या बारीक रेघा व्हॅक्यूम यंत्रात चढवाव्या लागत. दिवसाला जेमतेम वीस सेल होत. इतका महाग माल कोण घेणार? महिन्याभरात स्वस्त रीत सापडली नाही तर विभाग बंद, असं साहेबांनी बजावलं होतं.

घाटकोपरला माझा शेजारी चौकटीवर ताणलेल्या जाळीच्या कापडातून शाई ओढून लग्नपत्रिका छापायचा. त्याला चौकटीसकट कारखान्यात नेलं, जाळीवर रेघांचा नमुना उतरवून घेतला आणि शाईऐवजी चांदीचा लेप दिला.

"लग्न कोणाचं, ते तरी सांग रे!" म्हणत त्याने तासाभरात साठ सेल छापले.

ते भट्टीत भाजले आणि दुपारी गच्चीवर एक सेल मीटरला जोडला. काटा थेट जुन्या सेलच्या आकड्यावर जाऊन थांबला. मी तीनदा मोजलं. आकडा तोच.

शेजाऱ्याने सेलवर हात धरला. काटा जवळजवळ शून्यावर आला. हात काढताच परत चढला. असं त्याने चार-पाच वेळा केलं.

"आयला, ऊन छापलं की मी!" तो हळूच म्हणाला.

विभाग वाचला, हे माझ्या ध्यानात आलं ते जिना उतरताना.