आधी चौकट, मग भिंत

घरात आल्यावर मामा माणसांकडे बघायच्या आधी चौकटीकडे जात. खांद्यावरचं फडकं पाण्यात बुडवून पिळत, लाकडावरून फिरवत, दोन पावलं मागे सरकून डोळे बारीक करत आणि म्हणत, "हां, आता बोलायलंय बघा."

तुम्ही लातुरात घर बांधलं असेल, तर हा रंगारी तुम्हीही पाहिला असेल. पॉलिश झालं की लाकडाचा रंग गडद होतो, आणि तो ओल्या लाकडात आधीच दिसतो. हे साधं ज्ञान; पण कोरड्या लाकडाला शेड कार्ड लावून भिंतीचा रंग ठरवणारे आणि मग कपाळाला हात लावणारे शेकड्यांनी. कुणी मोबाईलवर फोटो दाखवला, की मामा तो न बघताच सांगत, "मोबाईलमधलं घर मोबाईलमधीच ऱ्हाऊ द्या."

मी त्याच शेकड्यांतला. आमच्या चौकटी चाकूरच्या शेतातल्या कडुलिंबाच्या. ते झाड माझ्या वडिलांनी, अण्णांनी लावलेलं. वादळात पडलं, तेव्हा त्यांनी फांदीसुद्धा कुणाला नेऊ दिली नाही. वास्तुशांती तोंडावर आली, मामा उदगीरच्या कामात अडकलेले, आणि मला दम निघेना. शाळेत भूमिती शिकवतो, एक रंग ठरवता येणार नाही का? दुसऱ्या माणसाकडून अण्णांची खोली गडद बदामी करून घेतली. पॉलिश झाल्यावर दार आणि भिंत एकजीव झाली. पाहुणे म्हणाले, काय मॅचिंग जमलंय! मी फुगलो.

मामा आले, तेव्हा त्यांना मी तीच खोली आधी दाखवली. शाबासकी हवी होती. अण्णा नेमके तोंड धुवायला उठले. तळहात भिंतीवर टेकवून सरकू लागले. कपाटाला अडले, वळसा घातला, पुन्हा भिंत चाचपली आणि बोटांना चौकटीची कड लागल्यावर बाहेर गेले.

"सर, अण्णा दार हुडकायलेत."

"नवीन घर आहे मामा. होईल सवय."

"सवयीचं न्हाई हे. त्यांला दार दिसंना झालंय. झाड लावलं त्यांनी, अन् चौकट तुम्ही लपवून ठेवलाव."

अण्णांना काचबिंदू होता. नजर इतकी गेली आहे, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि त्याच घरात राहून मला ते दिसलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामांनी त्या दिवशी रंगाचं मला काही विचारलं नाही, माझ्या बायकोलाही नाही. चौकटीला लागून भिंतीवर रंगाचा एक पट्टा ओढला, वाळू दिला आणि पलंगावर बसलेल्या अण्णांना म्हणाले, "अण्णा, दाराची बाजू कुठं हाय? बोट करा." अण्णांचं बोट कपाटावर गेलं. दुसऱ्या रंगाचा पट्टा. बोट वीतभर चुकलं. तिसरा रंग ताकासारखा पांढरा, त्यात निळीचा थेंब टाकल्यासारखा. त्याच्या शेजारी कडुलिंबाचं तांबूस लाकूड एकदम उठून आलं. अण्णांनी बोट केलं आणि ते हललं नाही.

"हे दवाखान्यासारखं दिसायलंय हो मामा," बायको म्हणाली.

"दवाखान्यात अशी चौकट कुठली आलीय, ताई?" मामा हसले आणि भिंत घासायला बसले. दोन दिवस घासत होते. एवढ्या मायेनं काम करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

परवा सकाळी मामा गेल्याचा फोन आला. अण्णांना कसं सांगावं, या विचारात मी त्यांच्या खोलीत गेलो आणि सांगून टाकलं. त्यांनी उशाची टोपी घेतली, डोक्यावर नीट बसवली आणि उठले. भिंतीला हात न लावता सरळ दारापर्यंत चालत आले.

"चल," म्हणाले, "माणसाला पोचवून येऊ."