धाडच्या आजीचं फेसाचं औषध

धाडची आजी आमच्याकडे बुलढाण्याला एवढे दिवस का राहिली, असं तुम्ही दोघा नातवंडांनी मागे फोनवर विचारलंत. ती शेजारीच बसली होती, म्हणून मी विषय बदलला. फोन ठेवल्यावर तीच म्हणाली, "पोरायपासून लपवता काऊन? लिहून टाका सारं." म्हणून तिच्या परवानगीने लिहिते आहे.

धाडची आजी म्हणजे माझी धाकटी जाऊ. शिक्षण सातवीपर्यंत. वांगी, मेथी, टोमॅटो लावते आणि धाडच्या आठवडी बाजारात स्वतः विकायला बसते. शौचावाटे रक्त जातं हे तिने सात-आठ महिने कोणालाच सांगितलं नव्हतं. मूळव्याध असेल, असं धरून चालली होती. बाजाराच्या दिवशी मधेच उठावं लागू नये म्हणून सकाळपासून काही खायची नाही. शेवटी तिने हे मला सांगितलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. दर सणाला आम्ही भेटत होतो आणि मला काही दिसलं नव्हतं.

मी तिला इथल्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी दुर्बिणीने तपासलं. मूळव्याध नव्हती, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज होती. त्यांनी गुदद्वारातून घ्यायचं स्टेरॉइडचं औषध दिलं. दाढीच्या फेसासारखा दाबाचा डबा आणि सोबत प्लास्टिकची नळी. ते म्हणाले, "हे जिथे सूज आहे तिथेच जास्त काम करतं, अंगात कमी जातं. तरी साखर तपासत राहा. यानं भागलं नाही तर गोळ्या द्याव्या लागतील, आणि तुमचा मधुमेह पाहता गोळ्यांनी साखर फार चढेल. मग इन्सुलिनही आलं." दोन आठवड्यांनी परत बोलावलं. रिक्षात ती एवढंच म्हणाली, "बाई, गोळ्यायची पाळी नका येऊ देऊ."

तिच्या घरी संडास अंगणापलीकडे, आणि घर माणसांनी भरलेलं. म्हणून तिला मी ठेवून घेतलं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर एकदा, संध्याकाळी एकदा, असा तक्ता करून कपाटावर चिकटवला. औषधासोबतचा इंग्रजी कागद भिंग घेऊन वाचला आणि पहिल्या दिवशी तिच्या बंद दाराबाहेर उभी राहून मराठीत सांगू लागले.

"डबा नीट हलव. नळी त्याच्या तोंडावर बसव. डबा सरळ धरून दाब. फेस नळीवरच्या रेघेपर्यंत आला की थांब. मग नळी डब्यापासून काढ. आत फक्त नळी घालायची, डबा नाही."

"डबा कोन घालीन बाई?"

"लिहिलंय म्हणून सांगितलं."

"म्हंजे कोनीतरी घातला असन." मग थोड्या वेळाने, "जरा हळू सांगा. परीक्षेत खिडकीतून कॉपी पुरवल्यावानी करून राह्यल्या तुमी."

डाव्या कुशीवर झोप, उजवा गुडघा पोटाशी घे, नळी हळूच सरकव, जोर करू नको, हे सगळं मी हळू सांगितलं. बाहेर आली ती नळी गरम पाण्याने धुऊनच. दुसऱ्या दिवसापासून तिला माझी गरज लागली नाही.

डब्यावर लिहिलं होतं, तीस अंशांच्या आत ठेवा. मे महिना होता, आणि स्वयंपाकघरात छत्तीस. आजोबांचं इन्सुलिन फ्रीजच्या दारात असतं, त्याच्या शेजारी मी हा डबा ठेवला आणि काम नीट झालं असं समजले.

नऊ दिवस झाले, रक्त थांबेना. मी तिच्या जेवणावर संशय घेऊ लागले. "ठेचा खाल्लास का?" असं रोज विचारायची. ती "नाही" म्हणायची आणि वाद घालायची नाही. तक्त्यावर मी खुणा करत होते. डॉक्टरांचा दिवस जवळ येत होता.

दहाव्या दिवशी सकाळी ती नळी हातात घेऊन बाहेर आली. आदल्या संध्याकाळी वादळात तार तुटली होती आणि रात्रभर वीज नव्हती.

"हे पाहा. रोज फेस अर्ध्यावर येऊन थांबते. आज सरसर रेघेपर्यंत चढला."

मला काही उमगेना. ती म्हणाली, "लाईट नाही, फ्रीज बंद. डबा आज थंडा नाही. फवारणीच्या पंपात हवा कमी पडली का पानी नुसतं ठिबकते. याची हवा थंडीनं बसत असन."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुमी वाचलं म्हंजे बरोबरच असन, असं वाटलं मले."

मी कागद पुन्हा काढला. शेवटच्या घडीत स्पष्ट लिहिलं होतं, फ्रीजमध्ये ठेवू नये. त्याखाली ऊन नको, आगीजवळ नको, रिकामा डबासुद्धा टोचू किंवा जाळू नये. मी तीस अंशांवरच वाचन थांबवलं होतं. एवढी शिकलेली मी, आणि चूक पकडली तिने, नळीतला फेस पाहून.

डॉक्टरांना लगेच फोन करून खरं ते सांगितलं. त्यांनी ताप, पोटदुखी, वाढलेलं रक्त यांची चौकशी केली. यातलं काही नव्हतं. "म्हणजे पुरता डोस पोहोचलाच नाही. आजपासून दोन आठवडे नव्याने मोजा. मधे ताप आला, पोट दुखलं किंवा रक्त वाढलं तर वाट न बघता या." तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही. डबा स्वतः उचलून आतल्या खोलीतल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवला. गॅसपासून लांब. मी तिथे थर्मामीटर लावून पाहिला. अठ्ठावीस.

पाचव्या दिवशी रक्त कमी झालं, नवव्या दिवशी बंद. आपल्याकडे बरं वाटलं की औषध सुटतं. तिने सोडलं नाही. "डॉक्टर म्हनतीन तवा," म्हणाली. डॉक्टरांनी तपासून गोळ्या लागणार नाहीत असं सांगितलं. साखरही फारशी चढली नव्हती. आता काही आठवडे एक दिवसाआड घ्यायचं, पण मनाने थांबवायचं नाही. ती धाडला परत निघाली तेव्हा मी नवा तक्ता करायला बसले, तर म्हणाली, "राहू द्या. वांग्याले पानी सोडतो त्या दिवशी औषध." पाणी एक दिवसाआडच असतं. तिचा एकही डोस चुकला नाही.

मागच्या बाजारी मी जीपने धाडला गेले. ती पोटभर जेवून सकाळपासून बसलेली. शेजारच्या मिरचीवालीने वाकून तिला हळूच सांगितलं की मलेही तसंच होते, मूळव्याध आहे, एक डबा मलेही दे.

"मूळव्याध हाय हे कोनं सांगतलं तुले?"

"कोनं म्हंजे? मलेच माहीत."

"मलेही माहीत होतं. सात महिने." तिने वांगी तागडीत टाकली. "माझा डबा मागू नको. तुयं दुखनं काय हाय ते डॉक्टरले पाहू दे. उद्या सकाळच्या गाडीनं चाल, मी येतो संगं."

मिरचीवाली माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटलं, तिचंच ऐक.